अर्धा विणलेला तुकडा

मोठीचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, ते हे वर्ष. घरात त्या वर्षाला आकड्यानं कुणी ओळखतच नाही. स्वयंपाकघरातला पंखा कधी बसवला असं विचारलं तर आई अजून सांगते, मोडलं होतं आणि ठरायचं होतं, त्या मधल्या दिवसांत.

धाकटी तेव्हा कॉम्प्युटरच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. वडील बोटीवर नोकरीला. येत ते पाहुण्यासारखे आणि जाताना मात्र हक्काच्या माणसासारखे रुसून जात. त्यामुळे घर म्हणजे आई, दोघी बहिणी आणि मागच्या खोलीतलं विणायचं मशीन. जेवणाच्या टेबलाएवढं लांब, सुया दातांसारख्या ओळीनं बसवलेल्या, आणि त्यांच्यावरून हातानं सरकवायचा एक जड ठोकळा, त्याला कॅरेज म्हणत. कॅरेज डावीकडून उजवीकडे नेली की एक ओळ विणून झाली, उजवीकडून डावीकडे आणली की दुसरी. दिवसभर त्या खोलीतून खर्र खर्र आवाज येई. तो थांबला की घरातलं माणूस हातातलं काम सोडून मान वर करी.

मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. नक्षी सांगणारी पेटी बिघडली तेव्हा आईला वाटलं, आता जन्मभर साधेच स्वेटर विणायचे. मग धाकटीनं इंटरनेटवर एक प्रोग्रॅम शोधून काढला. वायरचं एक टोक मशीनला, दुसरं कॉम्प्युटरला, आणि नक्षीची ओळ न् ओळ प्रोग्रॅम मशीनला सांगणार. तो फुकट होता, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो उघडा होता. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी, नवं सुचलं तर जोडावं. अशीच जुनी मशिनं जीव लावून सांभाळणारी माणसं कुठून कुठून तिथं जमत. त्यांचं बोलणं ज्या पानावर चाले त्याला ती कट्टा म्हणत.

मूळ प्रोग्रॅम लिहिला होता मावशींनी. त्या सख्ख्या मावशी कुणाच्या होत्या देव जाणे, कट्ट्यावर सगळ्यांच्या होत्या. होजिअरीच्या कारखान्यात इंजिनीअर म्हणून उमर गेलेली. निवृत्तीनंतर रिकामं बसवेना म्हणून हा उद्योग मांडलेला.

त्या वर्षी एका संस्थेनं विद्यार्थ्यांसाठी एक योजना काढली होती. विद्यार्थ्यानं असा एखादा उघडा प्रोग्रॅम निवडायचा, सुट्टीत त्यात काय भर घालणार याचा आराखडा लिहायचा, तिथल्या जाणत्या माणसानं मार्गदर्शक म्हणून त्याला होकार द्यायचा, आणि मग संस्था निवड करणार. धाकटीला ही निवड हवी होती, अगदी पोटातून हवी होती. वर्गात ती मागच्या बाकावरची. प्रश्न विचारायची वेळ आली की ती वहीत मान घाली. शिक्षकांना ती दिसे ती निकालाच्या दिवशी, तीही मधेच कुठंतरी. हे मशीन आणि हा प्रोग्रॅम एवढी एकच गोष्ट आपल्याला येते असं तिला वाटत होतं. तीही हातची गेली असती तर आपल्याला नक्की काय येतं, हे तिला स्वतःलाच विचारावं लागलं असतं.

तिचा पहिला आराखडा वाचून कुणालाही धाप लागली असती. सगळ्या कंपन्यांची जुनी मशिनं चालवायची, मोबाइलवर बोटानं नक्षी काढता यायला हवी, मापं आपोआप निघायला हवीत, लोकर किती लागेल ते आधी कळायला हवं, आणि उरलेल्या वेळात सगळा प्रोग्रॅम आणखी काही भाषांत आणायचा. मावशींनी त्याच दिवशी फोन लावला, चेहरा दिसणारा. पांढरे केस, कानामागे पेन्सिल, मागे एका मशीनची उघडी पाठ.

"हे तू करणार आहेस की तुझी नातवंडं?" त्यांनी विचारलं.

धाकटीला हसू आलं नाही, कारण रडू आलं होतं. मावशींनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. मग त्यांनी साधंच विचारलं, घरी मशीनवर बसल्यावर आई कधी चिडते. त्याला विचार करायची गरज नव्हती. वीज गेली की चिडते. वीज जाई, कॉम्प्युटर मरे, आणि पुन्हा चालू केल्यावर आपण कितव्या ओळीवर होतो ते प्रोग्रॅमला आठवत नसे. मग विणलेलं सगळं उसवायचं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात. उसवताना आई वीज खात्याचा जो उद्धार करी त्यातला सौम्य तेवढा भाग धाकटीनं सांगितला. मावशी डोळे पुसेपर्यंत हसल्या. म्हणाल्या, हाच तुझा आराखडा. थांबलं तिथून पुढे. बाकीचं सगळं खोड.

"एवढंच?"

"एवढंच म्हणतेस. कर तर आधी."

आणि जाता जाता, बाजारातून काहीतरी आणायचं राहिलंय अशा सुरात, त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. आराखडे संस्थेकडे गेले की लगेच. त्यानंतर बरेच आठवडे त्या काही कामाच्या नव्हत्या.

"म्हणून माझी अट ऐक," त्या म्हणाल्या. "मी हॉस्पिटलात जायच्या आधी तुझं अर्धवट काम कट्ट्यावर दिसलं पाहिजे. जिथं अडलीस ते चारचौघांत विचारलेलं दिसलं पाहिजे. मला एकटीला विचारलेलं मी धरणार नाही. मी नसले तर तू कुणाच्या कानात कुजबुजणार आहेस?"

धाकटीनं हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

पण या घराची एक रीत होती. दारावरची बेल वाजली की आई आधी मशीनवर जुनी चादर टाकी, मग दार उघडी. अर्धं विणलेलं गिऱ्हाइकाच्या नजरेला पडता कामा नये. मशीनवरचा तुकडा दिसतोही तसाच: कडा गुंडाळलेल्या, खालून वजनं लटकवलेली, उलटी बाजू समोर. पूर्वी कधीतरी एका बाईंनी आपल्या मुलाचा स्वेटर असा अर्धा पाहिला होता. पुरा झाल्यावर त्यात काडीचा दोष नव्हता, तरी त्यांना तो तिरकाच दिसत राहिला आणि त्यांनी ते दारोदार सांगितलं. तेव्हापासून चादर. दोघी मुली त्या चादरीखालीच वाढल्या म्हटलं तरी चालेल. मोठीला चुलीवरच्या भांड्याचं झाकण कुणी उचललेलं खपत नसे. धाकटी तर परीक्षेतलं कच्चं काम खोडरबरानं पुसून मगच पेपर देई, आणि त्यापायी गुण घालवी.

तेव्हा तिनं ठरवलं, की आधी काम पुरतं करू, मग अर्धवट म्हणून दाखवू. हे तिला अगदी शहाणपणाचं वाटलं.

दुपारी आई जेवून आडवी झाली की मशीन तिच्या ताब्यात येई. ती हरणांची नक्षी लावी, थोडं विणी, मुद्दाम वायर काढून घेई आणि पुन्हा जोडी. प्रोग्रॅम आता बरोबर थांबलेल्या ओळीपासून पुढे जाई. पण कधी हरीण नीट पुरं होई, आणि कधी त्याचं धड एकीकडे आणि डोकं भलतीकडे. तेच मशीन, तीच नक्षी, तीच ती. तिनं प्रोग्रॅम ओळीओळीनं वाचला, पुन्हा लिहिला, पुन्हा वाचला. कधी नीट, कधी उलटं. मावशींचा निरोप येई, कुठवर आलं. ती उत्तर देई, चाललंय. पुन्हा निरोप, कट्ट्यावर काही दिसलं नाही. ती उत्तर देई, उद्या टाकते.

मग मावशींचे निरोप यायचे थांबले. तिकडे कट्ट्यावर दुसरा एक विद्यार्थी रोज काहीतरी विचारत होता, इतके बाळबोध प्रश्न की धाकटीला वाचताना लाज वाटे. आणि लोक त्याला प्रेमानं उत्तरं देत. शेवटी एकदा मावशींचं एका ओळीचं पत्र आलं: शुक्रवारी सकाळी मी हॉस्पिटलात भरती होते, त्याच्या आधी जे दिसेल त्यावर मी निर्णय देईन, जे दिसणार नाही त्यावर देऊ शकत नाही.

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मनात भांडता तरी आलं असतं.

मोठीला ती मागच्या खोलीत सापडली, मशीनपुढे स्टुलावर, मांडीत डोकं न् शरीर वेगळं झालेलं हरीण घेऊन. काय झालं म्हणून विचारलं तर आधी काही नाही, मग सगळंच सांगून झालं. मोठीला प्रोग्रॅममधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कट्ट्यावर टाकायचं म्हणजे लोक हसतील एवढं वाक्य तिला कळलं, आणि ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझं लग्न अख्ख्या गल्लीसमोर मोडलं," ती म्हणाली. "वाण्यानं विचारलं, इस्त्रीवाल्यानं विचारलं, समोरच्या काकूंनी तर गॅलरीतून ओरडून विचारलं. मेले का मी? आणि तुझं काय मोडलंय, तर हरीण."

"ताई, ते वेगळं."

"हो, वेगळंच. हरणाला सासू नसते."

धाकटी हसली आणि हसता हसता रडली. मोठीनं शेजारी दुसरं स्टूल ओढलं आणि म्हणाली, लिही, मी बसलेय. धाकटीला वाक्य लिहून पुसायची सवय. चारदा लिहिलं, चारदा पुसलं. पाचव्यांदा मोठीनं तिचा हात धरून ठेवला. मग तिनं साधं सरळ लिहिलं: मी असं असं करू पाहते आहे, कधी जमतं, कधी नक्षी उलटी होते, का ते मला कळत नाही, बरेच दिवस झाले. सोबत अर्धवट प्रोग्रॅम जोडला. आणि मोठीनं मोबाइलवर काढलेला त्या हरणाचा फोटो, मशीनवर होता तसा, वजनांसकट, गुंडाळलेल्या कडांसकट. पाठवल्यावर तिला पहिल्या मजल्यावरून उडी मारल्यासारखं वाटलं, आणि मग लक्षात आलं, की आपण स्टुलावरच आहोत.

पहिलं उत्तर आलं ते घुबड नावानं लिहिणाऱ्या कुणाचं. त्यानं लिहिलं होतं, वा, हे हरीण मागे वळून बघतंय की काय. दुसरं त्याच्याच पाठोपाठ, पुन्हा त्याचंच: चेष्टा सोड, मीही गेल्या वर्षी इथंच अडकून सोडून दिलं होतं, तू तर माझ्यापुढे गेलीस. मग कुणीतरी विचारलं, वीज जाते तेव्हा कॅरेज कुठल्या बाजूला असते. धाकटीनं हे कधी बघितलंच नव्हतं. तिनं उठून बघितलं. कॅरेज डावीकडे असताना वायर काढली, हरीण नीट. उजवीकडे असताना काढली, हरीण उलटं. पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच.

प्रोग्रॅम ओळ लक्षात ठेवत होता, बाजू ठेवत नव्हता. उजवीकडून निघालेल्या कॅरेजला तो डावीकडून निघाल्यासारखी नक्षी सांगत होता. एवढं साधं. इतके दिवस ती स्वतःच्या लिहिण्यातली चूक शोधत होती, आणि तिनं लिहिलेलं सगळं बरोबर होतं. न लिहिलेलं तेवढं राहिलं होतं. तिच्या छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि ते किती जड होतं हे उतरल्यावर कळलं.

मावशी या सगळ्यात एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या वाचत होत्या हे मात्र दिसत होतं, कारण प्रत्येक उत्तराखाली त्यांच्या नावाची, वाचल्याची एक टिकली पडत होती.

घरात मात्र वादळ झालं. गल्लीतलं किंवा नात्यातलं कुणी कट्ट्यावर असण्याचं कारण नव्हतं, पण मोठीनं तो फोटो कौतुकानं होणाऱ्या नवऱ्याला पाठवला, त्यानं आपल्या आईला दाखवला, आणि त्या विहिणीनं इकडे आईला फोन करून छान आहे म्हटलं. आईनं फोटो मागवून बघितला. स्वतःचं मशीन, स्वतःच्या खोलीतली भिंत, आणि अर्धं, वाकडं, डोकं फिरलेलं हरीण. तिनं मशीनवर चादर टाकली, आवाज न करता. असा आवाज न करणं या घरात फार वाईट समजलं जाई.

संध्याकाळभर अबोला. जेवायला बसल्यावर आई भिंतीकडे बघून म्हणाली, की जगाला दाखवायचंच होतं तर एक धड काहीतरी दाखवायचं, वर्षानुवर्षं हात झिजवले त्याचं हे झालं. धाकटीनं सांगायचा प्रयत्न केला, की ती गिऱ्हाइकं नाहीत, त्यांच्याकडे हीच मशिनं आहेत, त्यांचीही हरणं अशीच होतात. आईनं विचारलं, हसले का. धाकटी म्हणाली, एक हसला. आईनं ताट पुढे सरकवलं.

"दुसरी एक बाई म्हणाली," धाकटी घाईघाईनं म्हणाली, "नक्षी गेली खड्ड्यात, पण टाके किती एकसारखे आहेत, हे मशीन कोण चालवतं."

आईनं ताट पुन्हा जवळ ओढलं.

"कोण म्हणाली?"

"नाव नाही माहीत, आई. तिच्याकडेही असंच मशीन आहे."

"तिला कळतं म्हणजे," आई म्हणाली, आणि जेवली.

पुढचे दोन दिवस आराखडा नव्यानं लिहिण्यात गेले, आणि आता तो कट्ट्यावरच, सगळ्यांसमोर. मावशी आता बोलू लागल्या, आणि तिखट बोलू लागल्या. पहिल्या आठवड्यात काय, तर प्रत्येक ओळीबरोबर बाजूही नोंदवायची, बाकी काही नाही. दुसऱ्यात ते घुबडाच्या मशीनवर आणि आणखी दोघांच्या मशीनवर चालतं का बघायचं. धाकटीनं शेवटी हळूच मोबाइलवरची नक्षी पुन्हा घुसवली होती. मावशींनी ती शेपूट म्हणून छाटली. मग घुबडानं शंका काढली, की कॅरेज मधेच असताना, अर्ध्या ओळीत वीज गेली तर काय. ते कुणालाच माहीत नव्हतं. धाकटीनं मावशींना विचारलं, तिथं काय लिहू.

"माहीत नाही, असं लिही."

"आराखड्यात? संस्था वाचणार आहे ते."

"माहीत नाही तिथं दुसरं काय लिहितात? लिही की माहीत नाही, शोधायला एवढे दिवस लागतील, आणि नाही सापडलं तर काय करू. ज्या आराखड्यात एकही 'माहीत नाही' नसतं ना, तो वाचला की माझी झोप उडते."

धाकटीनं तसं लिहिलं. लिहिताना वाटलं होतं आपण आपलीच लक्तरं टांगतो आहोत. लिहून झाल्यावर वाटलं, आता हे खरंच करता येईल.

शुक्रवारी सकाळी मावशींचा होकार आला. भरती व्हायला निघताना, रिक्षा दारात उभी असताना लिहिलेला. त्यात तिची स्तुती नव्हती. एवढंच होतं: हिला विचारता येतं, माझ्या गैरहजेरीनं तिचं अडणार नाही, माझा होकार आहे.

मग दोन गोष्टींची वाट बघणं सुरू झालं, आणि त्यातली कुठली मोठी हे धाकटीला ठरवता येईना. निकाल आधी आला. दुपारची वेळ, आई खर्र खर्र कॅरेज ओढत होती, मोठी फोनवर होणाऱ्या नवऱ्याशी कशावरून तरी भांडत होती. निवड झालेल्यांमध्ये धाकटीचं नाव होतं. ती उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. मोठीनं फोनमध्ये, थांब रे, असं म्हणून तो तसाच टेबलावर ठेवला आणि तिला मिठी मारली. आईनं कॅरेज बाजूला आणली, ओळ पुरी केली, मगच उठली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, त्या बाईंना कळवलंस का. कुणाला कळवणार? भरती झाल्यावर तपासण्यांत दिवस जाऊन मावशींचं ऑपरेशन नेमकं त्याच सकाळी होतं.

कट्ट्यावर कुणी काही लिहीत नव्हतं. एरवी टाक्याटाक्यावरून वाद घालणारी माणसं गप्प बसली होती. घुबडानं तेवढं मधे एकदा लिहिलं, काही कळलं का. कुणाला काही कळलं नव्हतं. संध्याकाळ झाली. आईनं चहा आणून ठेवला, तो निवला, तिनं नेऊन पुन्हा गरम करून आणला, आणि हे काम तिनं कधी कुणासाठी केलं नव्हतं.

मग मावशींच्या नावानं मजकूर आला, पण मावशींचा नव्हता. त्यांच्या यजमानांचा होता, आणि ते बहुधा पहिल्यांदाच असं काही लिहीत होते. त्यांनी लिहिलं होतं: ऑपरेशन नीट झालं. ती शुद्धीवर आली. मला ओळखलं. मग विचारलं, पोरीचं काय झालं. आम्हाला दोन्ही मुलगेच, तेव्हा मी जरा घाबरलो, पण डॉक्टर म्हणाले असं होतं. ती पुन्हा पुन्हा तेच विचारते आहे. ही पोरगी इथं कुणी असेल तर कृपा करून कळवावं, म्हणजे ती झोपेल.

धाकटीनं चष्मा काढून पुसला. मग कट्ट्यावरच, सगळ्यांच्या देखत, एकदाही न पुसता लिहिलं: काका, ती पोरगी मी. त्यांना सांगा, निवड झाली. आणि सांगा, झोपा आता, अडलं तर मी इथं विचारीन.

थोड्या वेळानं काकांचं उत्तर आलं. झोपली.

त्या सुट्टीत धाकटीनं काम पुरं केलं. अर्ध्या ओळीत वीज गेली तर काय, ते मात्र तिला सापडलं नाही; ते पुढच्या वर्षी घुबडानं शोधलं. मोठीचं लग्न झालं आणि टिकलं. मावशी त्या ऑपरेशननंतर पुष्कळ वर्षं जगल्या, प्रोग्रॅम सांभाळायचं काम त्यांनी धाकटीकडे दिलं आणि तरी रोज येऊन तिच्या चुका काढत राहिल्या. मोठीच्या मुलाला शाळेत घातलं त्या वर्षी, थंडी सुरू होता होता, एका रविवारी दुपारी मावशी वारल्या.